पुढच्या सालचं कार्ड

कूलरमध्ये नवं गवत भरून त्यावर पहिलं पाणी सोडलं की एक वास सुटतो. ओल्या लाकडाचा, थोडा गोडसर. चैत्र सरत आला की चिखलीच्या बाजारात त्या गवताचे गठ्ठे हातगाड्यांवर येतात. यंदा मीही एक आणला. जाळ्या उघडल्या, मागच्या सालचं काळं पडलेलं गवत ओढून काढलं आणि नवं भरलं. हे काम दरसाल दोघांचं होतं. मी जाळी धरायचो, ती गवत पसरायची, आणि माझ्या हातून जाड भरलं गेलं की म्हणायची, "आता हवा कुठून येईन? तुमच्या नाकातून?" यंदा मीच धरलं, मीच पसरलं. जाडच झालं.

ती म्हणजे माझी बायको, द्वारका. मागच्या पोळ्याच्या आधी गेली.

मी चौथी शिकलो, पुढे मोटरी शिकलो. बसस्टँडच्या मागे माझं वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की लोक ती जीपमध्ये टाकून आणतात, मी जळकी तार काढून नवी गुंडाळतो. मोटरी जळतात उन्हाळ्यात, कारण तेव्हा पाणी खोल जातं आणि लाइटीचा दाब पडतो. म्हणजे लोकांचा उन्हाळा ती माझी सुगी. लग्नं लागायची, यात्रेच्या बसा निघायच्या, आणि मी तांब्याची तार गुंडाळत बसायचो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, खरं तेच सांगतो. वाईट वाटायलाही फुरसत लागते.

नाव द्वारका, आणि तिनं समुद्र पाहिला नव्हता. आमच्या गल्लीतून द्वारकेला बस तीनदा गेली, तिन्ही वेळा उन्हाळ्यातच. पहिल्यांदा मी म्हणालो, पुढच्या साली. दुसऱ्यांदाही तेच म्हणालो. तिसऱ्यांदा तिनं मला विचारलंच नाही. शेजारणीच्या हाती एक नारळ दिला, समुद्रात सोड म्हणून. शेजारीण परत आली तेव्हा हिनं देवळाचं काही विचारलं नाही, तिकडच्या वाटेनं काय पिकते ते विचारलं. माहेर पिंपळगाव राजाचं, भाजीपाला करणाऱ्यांचं घर. कुठल्याही गावाचं नाव निघो, हिचा पहिला प्रश्न ठरलेला. इथं काय पिकते?

मग तिच्या हृदयाची झडप गळायला लागली. डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावत होता. मी म्हटलं, साहेब, समजलं, फूट व्हॉल गळतो. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या बुडाशी एक झडप असते, ती वर चढलेलं पाणी खाली पडू देत नाही. ती गळाली की मोटर नुसती दम खाते, पाणी वर येत नाही. डॉक्टर म्हणाला, अगदी तसंच. मी म्हटलं, मग बदला. तो म्हणाला, या तब्येतीत नाही झेपणार, औषधावर चालवू, जपा, प्रवास नको. उभ्या जन्मात फूट व्हॉल बदलत आलेला माणूस मी, तिथून औषधाची चिठ्ठी घेऊन उठलो.

तेव्हापासून ती मागच्या पत्र्याच्या खोलीत खाटेवर असायची. समोर कूलर, मांडीवर सूप. वाळल्या मिरच्यांची देठं खुडायची. दुपारी एक ते चार मी दुकान बंद ठेवतो, तेव्हा मीही तिथंच असायचो. आणि पायल असायची. पायल माझ्या पोराची पोरगी. पोराचं दुसरबीडला रोडवर टायरचं दुकान आहे, ही शिकायला आमच्याकडे राहते. मागच्या साली बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि दिवसभर फोनवर ट्रक चालवत होती. खेळातला ट्रक. कुठून कुठून माल भरायचा आणि कुठं कुठं नेऊन टाकायचा. मला त्यात राम दिसला नाही. रोडवर खरे ट्रक थोडे आहेत का? द्वारका मात्र मान लांब करून पाहायची.

"हे मोठं नाही होत का वं?" एक दिवस ती म्हणाली. "माह्या डोयाले नुसती मुंगी दिसून राह्यली."

पायलनं सांगितलं, मोठं होतं, पण त्याला कॉम्प्युटर लागतो, तोही दमाचा, गेम चालवायचा. त्यात परदेशातले रस्ते आहेत खऱ्यासारखे, बर्फ आहे, समुद्राच्या काठाकाठानं जाणारा रस्ता आहे. समुद्र म्हटल्यावर द्वारकेनं हातातली मिरची सुपात ठेवली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "यात्रेचे पैसे तसेच पडले आहेत. मी तं आता कुठं जात नाही. पोरीले गाडी घेऊन द्या. मी तिच्यात बसीन."

पैसे होते तेवढेच होते. त्यात सगळं बसवायचं होतं.

पुढचे आठ दिवस त्या खोलीत जे चाललं ते आठवलं की मला अजून बरं वाटतं. पायलनं वहीच्या पाठकोऱ्या पानावर यादी केली आणि आम्हा दोघा अडाण्यांना एकेक भाग समजावला. प्रोसेसर म्हणजे डोकं. बोर्ड म्हणजे ज्यावर सगळं बसतं ते. रॅम म्हणजे हाताशी मांडून ठेवलेलं सामान. पॉवर सप्लाय घरची लाइट घेऊन प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पुरती वाटून देतो. आणि ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं, ते नसलं तर डोक्यालाच कसंबसं काढावं लागतं. डोकं वाढवलं की कार्ड यादीतून बाहेर जायचं. कार्ड आत घेतलं की रॅम अर्धी व्हायची. पायल खोडायची, पुन्हा लिहायची, कागदाला भोक पडायचं. द्वारका मिरच्या खुडत ऐकायची. म्हणाली, "हे तं बस्त्यासारखं झालं. नवरीचा शालू भारी घ्या, की मामाच्या धोतराले कात्री." पायल हसली आणि म्हणाली, आजी, आपल्या बस्त्यात कार्ड म्हणजे शालू. बाकीचं सगळं धोतर.

मी म्हटलं, आणि पॉवर सप्लाय? ती म्हणाली, आबाजी, तो तर नुसता दोरा, बस्ता बांधायचा.

तिथंच माझं डोकं फिरलं. दोरा म्हणे. चिखलीच्या उन्हाळ्यात लाइट किती वर-खाली होते हे मला विचारा. माझं घर त्यावर चाललं. स्वस्तातला स्टार्टर लावून भारी मोटर जाळून घेणारी माणसं मी रोज पाहतो.

आम्ही एसटीनं खामगावला गेलो, पायल आणि मी. दुकानदार पोरगाच होता, तोंडाचा गोड. त्यानं काचेवर दोन पॉवर सप्लाय ठेवले. मी एक या हातात घेतला, एक त्या हातात, आणि डोळे मिटले. तांबं वजनात कळतं, डब्यावर काय लिहिलं आहे त्यावरून नाही. तो पोरगा म्हणाला, "काका, कांदे नाहीत ते." मी म्हटलं, कांदा सडला तर एकटा सडतो, हा बिघडला तर सगळं घेऊन जाईन. आणि जड होता तो पुढे सरकवला.

जड होता त्याची किंमतही जड होती. तो घेतला तर कार्ड बसत नव्हतं. हलका घेतला तर एक लहान, जुनं कार्ड येत होतं. पायल हळूच म्हणाली, "आबाजी, कार्ड नसलं तं समुद्राचा रस्ता अडकीन." मी घरी फोन लावला, द्वारकेला दोन्ही गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, "मले काय समजते त्यातलं? तुम्हाले समजते." मी जड घेतला. पायलला म्हटलं, पाया पक्का पाहिजे, कार्ड पुढच्या साली. बसमध्ये ती खोकं मांडीवर धरून खिडकीबाहेर पाहत बसली.

गाडी मात्र चालू झाली. पायलनं सगळे भाग स्वतः जोडले, मी फक्त उजेडाला बॅटरी धरली. मग वैशाखातल्या त्या दुपारी सुरू झाल्या. बाहेर पाखरू नाही, पत्रा तडतडतो आहे आणि आत बर्फाचा रस्ता. दोन्हीकडे पांढरी झाडं, मधून पायलचा ट्रक. द्वारका खाटेवरून उठून खुर्चीत यायची. पहिल्या दिवशी तिनं शाल मागितली. मी म्हटलं, वेडी झाली का, बाहेर निखारे पडून राह्यले. म्हणाली, "तुम्ही बाहेर आहात. मी इथं आहे." आणि शाल लपेटून बसली. थोड्या थोड्या वेळानं म्हणायची, थांबव वं, इथं काय पिकते पाह्य. पायल ट्रक बाजूला घ्यायची, फोनमध्ये शोधायची आणि सांगायची. बटाटे, आजी. इथं सफरचंद. इथं काही नाही, नुसता दगड. मी दाराशी चटईवर पडल्या पडल्या टोमणा मारायचो, बाजारात हर्राशीला माल न्यायचा आहे का तिकडं? ती माझ्याकडे पाहायचीही नाही. दगडाच्या मुलखातून जाताना म्हणाली, "असं कसं? काहीतरी होतच असन. तुह्या फोनले माहीत नसन."

समुद्राच्या रस्त्यालाही गेलो. डोंगर उतरून वळण आलं, कडेला निळं काहीतरी दिसलं आणि चित्र थांबलं. मग तुटक तुटक पुढे सरकलं, पुन्हा थांबलं. पायलनं खूप खटपट केली. सगळं बारीक करून पाहिलं, पुसट करून पाहिलं. शेवटी म्हणाली, पाणी काढायलाच मशीनला सगळ्यात जास्त ताकद लागते आजी, हलतं असते नं ते, त्याच्यात आभाळ दाखवा लागते. कार्ड पाहिजे. द्वारका म्हणाली, "राहू दे. आहे नं तिथं. कुठं जाते?" मी म्हटलं, पुढच्या साली घेऊच कार्ड.

तेव्हा तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हिशेब जुळल्यावर माणूस पाहतो तसं. हा शब्द तिनं आधी कुठं ऐकला होता ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी पाणी प्यायला उठलो.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो, कारण मला गोड करून सांगता येत नाही.

जेठ लागला होता. पायल दोन दिवसांसाठी दुसरबीडला गेली होती. मशीनवर नेटवरून काहीतरी उतरवायला लावून गेली, म्हणजे ते दिवसभर चालू राहणार होतं. मी दुकानात होतो. पत्र्याच्या खोलीत ते मशीन तापलं. द्वारकेनं त्याला हात लावून पाहिला, पोराच्या कपाळाला लावतात तसा, आणि तिला वाईट वाटलं. तिनं त्याचं बाजूचं झाकण सरकवलं, हवा लागावी म्हणून. मग स्वतःच्या खाटेसमोरचा कूलर, ज्याच्यावर ती जगत होती तो, धापा टाकत ढकलत नेला आणि मशीनच्या उघड्या अंगाकडे तोंड करून लावला. पाण्याचा पंप चालू, पंखा पूर्ण वेगावर. आमच्याकडे तापलेल्या प्रत्येक गोष्टीला हेच करतात. आणि पूर्ण वेगावर कूलर बारीक बारीक थेंब फेकतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मी आलो तेव्हा वास आला. तारेवरच्या जळक्या वॉर्निशचा वास मी झोपेतही ओळखतो. मशीन मेलेलं, आत पाणी टिपकलेलं, आणि ही घामानं भिजून खाटेवर बसलेली. मी म्हणालो, "तुह्यं तं झालंच, आता पोरीच्या मशीनचंही करून टाकलं."

हे मी म्हणालो. शब्द हेच होते. दुसऱ्या कोणाचे असते तर मी विसरलो असतो.

तिनं पदरानं मान पुसली. मग म्हणाली, "तापलं होतं हो ते. मले वाटलं, माह्यापरीस त्याले गरज आहे."

मी कूलर परत तिच्याकडे वळवला. दुसऱ्या दिवशी पायल आली, तिनं पाहिलं, आणि आजीला एवढंच म्हणाली की जुनं झालं होतं गं ते, कधीतरी जाणारच होतं. दोन महिन्यांचं मशीन. पोरीला माझ्यापेक्षा जास्त अक्कल. द्वारकेनं आपलं एक जुनं लुगडं काढून मशीनवर टाकलं. पुढे पाऊस, दवाखाना, आणि पोळ्याच्या आधी सगळं संपलं. लुगडं त्या मशीनवर तसंच राहिलं. पायल कॉलेजला जायची, यायची, कधी त्याचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

यंदा कूलरचं गवत भरलं आणि त्याच दुपारी मी लुगडं उचललं. घडी घालून ठेवलं. मीटर आणलं, पायलला हाक मारली. बोर्डावर हिरवट गंज चढला होता. तो गेलाच होता. पॉवर सप्लाय जोडून पाहिला तर जसाच्या तसा. माझं खरं ठरलं होतं. जड माल टिकला. मी ते पायलला सांगणार होतो, पण मीटर बंद केलं. खरं ठरून काय करायचं होतं मला?

पायलनं वहीचं कोरं पान घेतलं. बोर्ड लिहिला, तोही सगळ्यात स्वस्त. डोकं जुनंच बसन म्हणाली, रॅमही चालन. आणि खाली रेघ ओढली. मी म्हटलं, कार्ड?

"राहू द्या आबाजी. कार्ड पुढच्या साली घेऊ."

मी म्हटलं, "पुढच्या सालचं नाव माह्यासमोर काढू नको, बाई."

तिनं रेघेखाली कार्ड लिहिलं.

यंदा मोटरी बऱ्या आल्या होत्या. तरी नवं कार्ड काही आमच्या आवाक्यात नव्हतं, वापरलेलं पाहायचं ठरलं. खामगावला तोच दुकानदार. त्यानं दोन जुनी कार्डं पुढे ठेवली. मी पहिलं नाकाशी नेलं. मग दुसरं. पहिलं खाली ठेवलं आणि म्हटलं, हे तापून तापून भाजलं आहे, कोणीतरी याला दम घेऊ दिला नाही. तो या वेळी कांद्याचं बोलला नाही. म्हणाला, काका, बरोबर आहे, ते एकानं दिवसरात्र चालवलं होतं. मग त्यानं विचारलं, मागच्या वेळी फोनवर होत्या त्या काकू कशा आहेत? पायलनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गेली. त्यानं दुसरं कार्ड फडक्यानं पुसून, कागदात गुंडाळून दिलं. आणि मी सांगितलेल्या भावावर एक शब्द बोलला नाही.

अकितीच्या दिवशी, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी घागर, त्यावर खरबूज, शेजारी आंबा. द्वारकेची ही पहिली घागर. पोरगा आणि सून दुसरबीडहून आले, पुरणाचं झालं, जेवणं झाली. दुपारी ती दोघं समोरच्या खोलीत आडवी झाली. पायल आणि मी मागच्या खोलीत गेलो.

मी आधी कूलर पाहिला. त्याचं तोंड खाटेकडे होतं. होतं तसंच राहू दिलं. मशीन दुसऱ्या भिंतीशी, झाकण लावलेलं, वर एक लहान कोरडा पंखा. खाट रिकामी होती आणि कूलरची सगळी हवा रिकाम्या खाटेवर जात होती. ते मला पाहवेना, म्हणून मी खाटेवर जाऊन बसलो. तिच्या जागी मी कधी बसलो नव्हतो. तिथून मशीनचा पडदा सरळ दिसतो, हेही मला माहीत नव्हतं.

पायलनं गाडी काढली. बर्फाचा रस्ता लागला. ओलं गार वारं अंगावर येत होतं. उशाशी तिची शाल होती, ती मी गुडघ्यांवर घेतली. पायलला दिसलं, पण ती रस्त्याकडे पाहत राहिली.

डोंगर उतरलो. तेच वळण आलं. मी मनातून धरूनच बसलो होतो की आता अडकणार. अडकलं नाही. रस्ता वळला आणि सगळीकडे पाणी झालं. हलत होतं. त्याच्यात आभाळ होतं. पायलनं ट्रक कडेला घेतला आणि उभा केला. म्हणाली, खाली नाही उतरता येत आबाजी, इथूनच पाहाचं.

मी पाहिलं. मोठं आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं आहे. पण पाणीच आहे, दुसरं काही नाही. एवढ्यासाठी तीन उन्हाळे मी तिला थांबवलं असं म्हणू, की एवढ्यासाठी ती थांबली असं म्हणू? पायलचे हात मांडीवर होते. तिला काहीतरी ऐकायचं होतं. त्या खोलीत अशा वेळी जे विचारलं जायचं ते कोणी विचारत नव्हतं.

म्हणून मी विचारलं. "इथं काय पिकते वं?"

तिनं फोनला हात लावला नाही. समोर पाहत म्हणाली, "मीठ, आबाजी."

मीठ. हे द्वारकेला सांगायला पाहिजे होतं.